यादम्माचा नॉर्मल रिपोर्ट

“मॅडम, फूल कोई खाता है क्या?”

क्लायंट कंपनीच्या रेग्युलेटरी मॅनेजरने असं विचारलं आणि मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला आज जेवढा राग येतो तेवढा स्वतःच्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीचा येत नाही, आणि राग यावा अशा गोष्टी माझ्या खात्यावर बऱ्याच आहेत.

मी टॉक्सिकोलॉजिस्ट आहे, म्हणजे विषांचा अभ्यास करणारी. हे कळलं की लोक माझ्या हातचा चहा जरा बेतानेच पितात. पण माझं काम कागदाचं. एखाद्या कंपनीला कीटकनाशक विकायचं असेल तर त्याने माणसाला काय अपाय होतो, किती मात्रेला होतो आणि तेवढी मात्रा कुणाच्या अंगात जाऊ शकते, याची फाइल सरकारकडे द्यावी लागते. अशा फाइली तयार करणाऱ्या हैदराबादच्या एका कन्सल्टन्सीत माझी सगळी नोकरी झाली. उंदरांवरच्या चाचण्या दुसरे करतात. मी त्यांचे आकडे घेऊन माणसापर्यंत येते.

त्या दिवशीचं औषध नवं नव्हतं. कापसावर आणि काही भाज्यांवर ते आधीपासून चालायचं. कंपनीला आता फुलं जोडायची होती: झेंडू, गुलाब, मोगरा. अशा प्रत्येक पिकासाठी फाइलमध्ये एक रकाना असतो, वेटिंग पिरियडचा. शेवटची फवारणी झाल्यावर किती दिवस थांबून माल तोडायचा, ते त्यात लिहायचं. भेंडी असो की वांगी, तोडणीच्या दिवशी त्यावर किती औषध उरतं आणि खाणाऱ्याच्या पोटात किती जातं, यावरून तो आकडा काढतात. फुलं कुणी खात नाही. त्यामुळे आमच्या टेम्प्लेटमध्ये फुलांच्या रकान्यात आधीच टाइप करून ठेवलेलं असायचं: लागू नाही.

मी एकच शंका काढली. “तोडणाऱ्या बायकांचं काय?”

आमचे हेड मूर्ती सर म्हणाले, “त्या फील्ड वर्करमध्ये आल्या. फवारा सुकेपर्यंत शेतात जायचं नाही, हे लेबलवर लिहिलंय. नॉन-फूड क्रॉप आहे मॅडम, डायटरी सेक्शन बंद करा. पुढची फाइल घ्या.” मूर्ती सर तेलुगू. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत सांगते आहे.

मी डायटरी सेक्शन बंद केला आणि खाली सही केली. पुढची फाइल घेतली.

आमच्या हिशेबातली माणसं ठरलेली असतात. फवारणी करणारा, शेतात राबणारा, शेताच्या कडेला राहणारा, भाजी खाणारा. त्यांची वजनं ठरलेली, कामाचे तास ठरलेले. फुलं ओवणारी बाई त्यांत नव्हती. ही माणसं ज्यांनी ठरवली त्यांच्या गावात बहुधा कुणी गजरे माळत नसावं, म्हणून त्यांना ती सुचली नाही, हे मी समजू शकते. मला मात्र सुचायलाच हवी होती. मी तिला लहानपणापासून नाही, तरी पंचवीसेक वर्षं बघत होते.

माझे वडील नांदेडकडचे. रेल्वेत कारकून होऊन काचीगुड्याला आले आणि आम्ही इथलेच झालो. आम्ही बौद्ध. दर पौर्णिमेला घरी वंदना असते, वंदनेला ताजी फुलं लागतात, आणि ती सुलतान बाजारातल्या यादम्माकडूनच आणायची, हा आईचा कायदा. “तिची फुलं संध्याकाळपर्यंत मान टाकत नाहीत,” असं आई म्हणायची. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीशी यादम्माचा पाट असे. वर मोठी काळी छत्री, पुढे ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या कळ्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला ती डाक्टर मैडम म्हणायची. मी पीएच.डी.वाली डॉक्टर आहे, सुईवाली नाही, हे मी तिला दोनदा समजावलं आणि मग नाद सोडला.

तिचे हात बघत उभं राहावं असे होते. डाव्या बोटांत कळ्यांची जोडी, उजव्या हाताने दोऱ्याचा फास, की पुढची जोडी. आणि दोरा ताणलेला राहावा म्हणून त्याचं टोक दातांत. फास नीट बसेना की दोरा ओठांमधून ओढून ओला करायचा. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत हेच. कळ्या ओल्या, बोटं ओली, दोरा ओला. मध्येच त्याच बोटांनी डोळे पुसायचे, त्याच बोटांनी पान खायचं. हे मी शेकडो वेळा बघितलं, गजरा घेतला आणि ऑफिसला जाऊन फुलांची फाइल उघडली.

फाइल मंजूर होऊन चारेक वर्षं झाली होती. ऐन उन्हाळ्यात, मोगऱ्याच्या बहरात, यादम्माने मला थांबवून घेतलं.

“डाक्टर मैडम, दोपैर होते-होते आँखां में धुंद आरी. मुँह में पानी भरतै रहता. सर फटतै.”

“डोळे दाखवले का?” माझी दखनी सुलतान बाजारापुरतीच, त्यामुळे मी काय बोलले ते मराठीतच लिहिते.

“दिखाई. नंबर बराबर है बोले. उमर हुई बोले.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मेरा गजरा खुल जारा मैडम. गिराक वापस लारे.”

डोकेदुखीपेक्षा तिला हे लागलं होतं. यादम्माचा गजरा सुटतो, असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

मी वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं. छत्रीखाली चांगली सावली होती. अशा सावलीत डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. तिच्या मोहरीएवढ्या होत्या. तोंडाला पाणी सुटणं, धूसर दिसणं, डोकं दुखणं, बारीक बाहुल्या. ही यादी माझ्या प्रत्येक ट्रेनिंगच्या दुसऱ्या स्लाइडवर असते. आणि समोर दोरा अजून तिच्या दातांत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून आबिड्सच्या एका लॅबमध्ये नेलं. पाट शेजारच्या बांगडीवालीवर सोपवून ती आली. रक्त काढताना तिने तोंड फिरवलं आणि मला विचारलं, “इससे मालूम होता क्या, फूलां से होरा की नै?”

“होतं,” मी म्हणाले.

ही तपासणी काय असते ते सोपं करून सांगते. आपल्या नसा एकमेकींना निरोप देतात. निरोप पोचला की तो पुसून टाकायला शरीरात एक द्रव्य असतं, कोलिनेस्टरेज. फळ्यावरचं लिहिलेलं पुसणारा डस्टर म्हणा. या जातीची कीटकनाशकं तो डस्टरच धरून ठेवतात. मग जुना निरोप पुसला जात नाही आणि लाळ, डोळे, पोट, सगळीकडे गोंधळ होतो. रक्तात हे द्रव्य किती आहे ते मोजता येतं. कमी झालं असेल तर औषध अंगात गेलं आहे.

रिपोर्ट आला. लॅबने छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये यादम्माचा आकडा होता. अगदी खालच्या आकड्याला टेकून, पण आत. पुढे छापलेलं: नॉर्मल.

माझा जीव भांड्यात पडला.

हे वाक्य लिहायला मला जड जातं आहे, कारण जीव भांड्यात पडायला नको होता. ही तपासणी कशी वाचायची हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच ते लोकांना शिकवते. हे द्रव्य प्रत्येकाच्या अंगात वेगवेगळं असतं. एकाचं मुळातच दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतं आणि दोघंही ठणठणीत असतात. म्हणून लॅबच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. त्या माणसाचा, औषधाच्या वाऱ्यालाही न गेलेला, स्वतःचा आकडा आधी हवा. त्याला बेसलाइन म्हणतात. ट्रेनिंगमध्ये मी फवारणीवाल्यांना ब्लाउजचं उदाहरण देते आणि ते हसतात: दुकानात तीस नंबरचा ब्लाउजही नॉर्मल आणि चाळीसचाही नॉर्मल, पण चाळीसवाल्या बाईला तीसचा बसायला लागला तर ती वाळली आहे, दुकानात काही विचारू नका.

यादम्माची बेसलाइन कुणाकडे नव्हती. तिचा आकडा मुळातला आहे की निम्म्यावर आलेला, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता आलं नसतं. मी तो कागद घेऊन लॅबच्या बाकावर दहा मिनिटं बसले होते. बेसलाइन हा शब्द त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात आलाच नाही, असं मी म्हणू शकते. पण ते खरं नाही. तो आला होता. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ फाइलवरची माझी सही आली, आणि मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी सुलतान बाजारात जाऊन तिला सांगितलं, “यादम्मा, नॉर्मल है.”

“बोले तो, फूलां से कुछ नै?”

“नॉर्मल है,” मी पुन्हा तेच म्हणाले. तिचा प्रश्न वेगळा होता.

तिने जरा वेळ हातातल्या कळ्यांकडे बघितलं. “फिर उमर हुई मेरी. और क्या.”

पंधरा दिवसांनी पौर्णिमा होती. मी फुलांना गेले तर पाटावर यादम्मा नव्हती. तिची सून बसली होती, स्वप्ना. चोवीस-पंचवीसची मुलगी, मांडीवर फडक्यात झोपलेलं चार महिन्यांचं बाळ, आणि दातांत दोरा.

“अत्तम्मा घर पे है,” ती म्हणाली. अत्तम्मा म्हणजे तेलुगूत सासूबाई. “रिपोट में कुछ नै निकला ना, तो इनो बोले अम्मा थक गई, अब बैठने दो. मैंच बैठ रई.”

इनो म्हणजे तिचा नवरा. त्याचंही बरोबरच होतं. डॉक्टरबाई स्वतः लॅबमध्ये घेऊन गेल्या, काही निघालं नाही, म्हणजे म्हातारपण. म्हातारपणावर घरी बसवणं हाच उपाय. मी बाळाचं नाव विचारलं, त्याच्या पायाला हात लावून बघितला, अर्धा शेर झेंडू आणि दोन गजरे घेतले. स्वप्नाचा हात यादम्मापेक्षाही चपळ होता. मी तसं तिला म्हणालेसुद्धा. मग बस आली आणि मी बसमध्ये चढले.

पाच महिने गेले. आई पडून होती, पायाचं हाड दुखावलं होतं. तिला बघायला एक दिवस यादम्मा घरी आली, चांगली इस्त्रीची साडी नेसून, हातात केळी. आईला उशीचा अभ्रा शिवायचा होता आणि ती कधीची सुईशी झटापट करत होती. मी आतून चष्मा आणायला उठले. परत आले तेव्हा यादम्माने सुईत दोरा ओवून आईच्या हातात दिला होता. आमच्या त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि तेव्हा लावलेला नव्हता.

“अगं, हिला काय कमी दिसतंय?” आई मला म्हणाली. “मला उगीच सांगत होतीस.”

मी यादम्माला विचारलं, “कधीपासून दिसायला लागलं?”

“घर बैठी तो दो महीने में सब साफ हुआ मैडम. सर भी नै दुखता.” आणि हसून म्हणाली, “आराम लगा.”

आराम नव्हता तो. मी दुसऱ्याच दिवशी तिला पुन्हा त्याच लॅबमध्ये नेलं. आकडा जवळजवळ दुप्पट आला होता. हा तिचा खरा आकडा. उन्हाळ्यात तिच्या अंगातलं निम्मं द्रव्य कामातून गेलेलं होतं आणि तेव्हा मी तिला नॉर्मल म्हणाले होते. बेसलाइन मिळायला एवढंच करावं लागतं: माणसाला काही महिने औषधापासून लांब ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. हे मी तेव्हाच सुचवू शकले असते. तिच्या मुलाने ते न कळता केलं.

खात्री करायला म्हणून मी फुलांच्या मंडीत गेले. यादम्माच्या आडत्याने मला मोगरा आणणारा एक शेतकरी गाठून दिला. तो चेवेळ्ळाकडचा, साधा, बोलका माणूस. मोगऱ्याची कळी उमलायच्या आत तोडावी लागते, म्हणून संध्याकाळी फवारा मारायचा आणि पहाटे कळ्या तोडून मंडीत आणायच्या, असा त्याचा क्रम. मी विचारलं, मध्ये दिवस सोडत नाही का?

त्याने मोबाइल काढला. औषधाच्या डब्याचा फोटो होता, दुकानदाराला दाखवायला काढलेला. बोटांनी मोठा करून त्याने मला लेबल दाखवलं. भेंडीपुढे दिवस लिहिलेले होते, वांग्यापुढे दिवस लिहिलेले होते. मोगऱ्यापुढे लिहिलेलं होतं, लागू नाही.

“देखो मैडम, रुकने की जरूरत नै लिखे. बड़े-बड़े सायंटिस लोगां लिखते ये.”

तो चुकीचं काही करत नव्हता. तो माझं ऐकत होता.

घरी येताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला. मला वाटत होतं, मला कुणीतरी ओरडावं. पण ओरडणार कोण? फाइल नियमाप्रमाणे होती. रिपोर्ट लॅबने बरोबर दिला होता. कुठेही कुणाची चूक निघत नव्हती, आणि एक बाई उन्हाळाभर विष चाटत बसली होती.

कागदाचं काय झालं ते आधी सांगून टाकते. मी मूर्ती सरांपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले. त्यांनी चष्मा काढून वाचले.

“एक बाई, दोन रिपोर्ट,” ते म्हणाले. “यावरून काही सिद्ध होत नाही.”

“मला सिद्ध करायचं नाही. मला रकाना भरायचा आहे.”

“क्लायंट विचारेल, तेव्हा लागू नाही कुणी लिहिलं?”

“मी लिहिलं. सही माझी आहे.”

“तसं लेखी देणार?”

“देणार.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. वाईट माणूस नव्हता तो. टेम्प्लेट त्यांनीही आणखी कुणाकडून तरी उचललेलं होतं. “माझ्या बायकोला रोज लागतो गजरा,” एवढंच म्हणाले आणि पत्र पुढे पाठवलं.

मग जे व्हायचं ते झालं. क्लायंटने फुलांवर उरणाऱ्या औषधाच्या अंशाची माहिती मागितली, ती कुणाकडेच नव्हती, कारण ती कधी मागितलीच गेली नव्हती. ती जमवण्यात दोन हंगाम गेले. आता नव्या डब्यांवर मोगऱ्यापुढे दिवस लिहिलेले आहेत. मोगरा रोज तोडावा लागतो, त्याला दिवस थांबवता येत नाही, म्हणून बहरात ते औषध मारूच नये असा त्याचा अर्थ. मंडीतल्या त्या शेतकऱ्याने औषध बदललं. सगळ्यांनी बदललं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

स्वप्नाकडे मात्र मी यादम्माच्या दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशीच गेले, यादम्माला सगळं खरं सांगून, तिला घेऊनच. सोबत माझ्या धंद्याचं पेटंट औषध, रबरी हातमोजे. तिने मला नाराज करायचं नाही म्हणून ते घातले. तीन गाठींत कळीचा चुरा झाला. बांगडीवाली हसली, स्वप्ना हसली, मीही ओशाळून हसले. ज्या माणसाला मोगऱ्याची कळी कधी हातात धरावी लागली नाही त्यालाच हातमोजे सुचतात.

उपाय यादम्मानेच काढला. तिने पाटाच्या कडेला एक लांब खिळा ठोकला आणि दोऱ्याचं टोक त्याला बांधलं. “दाँत का काम खीला करता,” ती सुनेला म्हणाली. दोरा ओला करायला पाण्याची वाटी. बाळाला घेण्याआधी आणि खाण्याआधी साबणाने हात धुवायचे. कळ्या आल्या की आधी दोन पाण्यांतून काढायच्या. एवढ्याने सगळं जात नाही. बरंच जातं. माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा तो खिळा जास्त उपयोगी पडला, हे मी मनापासून सांगते.

बाळ त्या दिवसापासून यादम्माकडे घरी राहिलं. म्हणजे तिचं पाटावर परतणं संपलं. मी तिला विचारलं, आता बरं वाटतंय, परत बसावंसं वाटत नाही का? ती पाटाच्या शेजारी उकिडवी बसली होती, ज्या पायरीकडे पाठ करून ती तीस वर्षं बसली त्या पायरीवर हात ठेवून.

“आप नार्मल बोले तो मैं उठ गई, मैडम,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तशी सांगितली. “आप मालूम नै बोलते तो मैं दो महीने बैठती, फिर आती. बच्ची को नै बिठाती.”

मी माफी मागितली. मराठीत मागितली, तिला कळली की नाही माहीत नाही. तिने माझा हात थोपटला, जसा मी पाच महिन्यांपूर्वी बाळाचा पाय चाचपला होता तसा, उगीच, काहीतरी करायचं म्हणून.

राहिली स्वप्ना. मी तिलाही लॅबमध्ये नेलं. पाच महिने दातांत दोरा धरून बसलेली, अंगावर पाजणारी मुलगी. डोकं दुखतं का? कधी कधी. धूसर दिसतं का? नाही. तोंडाला पाणी सुटतं का? ती लाजली, म्हणाली, मोगऱ्याच्या वासाने सगळ्यांनाच सुटत असेल.

रिपोर्ट आला. आकडा लॅबच्या दोन आकड्यांच्या अगदी मधोमध. सासूच्या पहिल्या रिपोर्टपेक्षा बराच वर. पुढे छापलेलं, नॉर्मल.

तिची बेसलाइन मला सहज घेता आली असती. ती पाटावर बसली त्याच पंधरवड्यात मी तिथे उभी होते. तेव्हा दोन चमचे रक्त काढून ठेवलं असतं तर आज मोजायला काहीतरी हातात असतं. मी झेंडू घेतला. आता तिलाही काही महिने घरी बसवून मोजावं, तर यादम्माला तिचा मुलगा पुन्हा पाटावर बसू देणार नव्हता, आणि तेवढ्यात ती पायरी दुसरं कुणीतरी धरेल. मी हे तिला सांगितलं. तिने मान हलवली. पायरी सोडणं जमणार नव्हतं.

लॅबच्या जिन्यात ती कागद उलटासुलटा करत उभी होती. इंग्रजी तिला थोडं वाचता येतं. तो एक शब्द तिने वाचला होता.

“मेरा नार्मल है ना, मैडम? बच्चे कू कुछ नै ना?”

रक्त मीच तपासायला लावलं होतं, आकडा मी वाचला होता, डिग्री माझ्या नावापुढे होती. तिच्या तोंडाकडे बघून हो म्हणणं फार सोपं होतं. ते मी एकदा केलं होतं.

“मालूम नै, स्वप्ना,” मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. रिक्षातून ती सुलतान बाजारात उतरली आणि पाटावर बसायच्या आधी तिने नळावर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी तिचं रक्त तपासून घेते. बाळ आता चालतं, बोलतं, धडधाकट दिसतं. दिसतं एवढंच मी म्हणते. ऑफिसात नव्याने कामाला लागलेल्या पोरींना मी दोनच गोष्टी शिकवते. एक, माहिती नसेल तर रकाना रिकामाच ठेवा, त्यात शब्द भरू नका. दुसरी, रिपोर्ट वाचून स्वतःला बरं वाटलं तर तो पुन्हा वाचा.